तिखट का लागतंय?

जेवायला बसलेला माणूस पहिल्याच घासाला 'स्स' करून म्हणाला, "आज तिखट लई पडलंय," की मराठवाड्यातल्या घरात संशय थेट चुलीवर जातो. मिरची बदलली असंल, येसर नव्यानं कुटलेला असंल, नाहीतर सुनेचं ध्यान मोबाइलमध्ये असंल. तव्यावर भाजलेली मिरची तांब्याच्या बुडानं रगडून भाकरीवर घेणाऱ्या घरातला चाळिशीचा गडी एकाएकी ताकात भाकरी कुस्करून खायला लागतो, आणि सगळे तिखटाच्या डब्याकडं बघतात. त्याच्या तोंडात कुणी बघत नाही.

मग निदान होतं, "उष्णता झाली." जाईचा पाला चघळा, गुलकंद खा, मेडिकलवरून बी-कॉम्प्लेक्स आणा. साधं तोंड आलं असेल तर ते आठवड्या-दोन आठवड्यांत आपलं आपण बरं होतं आणि श्रेय गुलकंद घेऊन जातो. त्याला माझी हरकत नाही. प्रश्न आहे तो खिशात पुडी बाळगणाऱ्यांचा. सुपारी वर्षानुवर्षं गालात धरली की आतलं मऊ अस्तर कडक होत जातं, त्यात चिवट पट्टे धरतात. डॉक्टर त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. त्याची अगदी सुरुवातीची खूण म्हणजे हीच, तिखट न सोसणं. पुढं जबडा आखडतो, आणि काहींच्या बाबतीत गोष्ट कॅन्सरपर्यंत जाते. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असं छातीठोक सांगणारे भेटतात; पण हे काम नुसत्या सुपारीचंच आहे. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. ती किती आहे, हे टपरीशेजारच्या भिंतीला विचारावं.

परवा एस.टी. स्टँडसमोर पाणीपुरीच्या गाड्यावर विशीतला एक पोरगा दिसला. पुरी वाटीतच मोडायची, अर्धी आत सारायची, मग उरलेली अर्धी. पाणी हनुवटीवरून शर्टवर. मित्र म्हणाले, "नवरीवाणी लाजतो का बे?" तोही हसला. हसतानासुद्धा तोंड पुरतं उघडत नव्हतं. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये उभी जातात का, एवढंच बघायचं असतं. त्याची दोन तरी गेली असती का, शंका आहे.

गंमत बघा, तोंड तपासण्यात आमच्याकडचा माणूस पटाईत. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाचा जबडा फाकवून दातांवरून वय, म्हणजे आदत आहे, दुसा आहे की जुळलेला, हे तो उभ्या उभ्या सांगतो. तोच माणूस रोज सकाळी आरशापुढं दाढी करतो, पण गालाच्या आत पांढरा चट्टा पडलाय की लाल, पंधरा दिवसांपूर्वीची जखम भरली की नाही, हे काही बघत नाही. म्हटलं, दाखवून या, तर सोयाबीन निघू द्या. सोयाबीन निघाली, तूर उभी आहे. तूर झाली, घरात लग्न आहे. जळजळ होते तेव्हाच सुपारी सुटली तर दुखणं बहुतेकदा तिथंच थोपवता येतं, औषधानं आग कमी होते. एकदा पट्टे धरले की गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही.

दातवाल्याची भीतीही असतेच. गेलं की दात काढतो, अशी त्याची ख्याती. इथं तो काही काढत नाही. गालातून बोट फिरवतो, तोंड किती उघडतं ते मोजतो. सिव्हिलला तर 2023 पासून केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. शेवटी तो विचारतो, दिवसाला किती पुड्या? एवढ्यासाठी तरी बायकोला सोबत न्यावं. नवरा "कवातरी एखादी" म्हणेपर्यंत तिनं सकाळपासूनचा हिशोब मांडलेला असतो, वरून उधारी कोणत्या टपरीवर आहे तेही सांगते.