जिम थील गेला आणि त्याच्या कंपनीचं काय झालं

हाय-एंड ऑडिओमधला, म्हणजे हौशी लोक घेतात त्या महागड्या स्पीकर-अॅम्पच्या जगातला, कुणी मोठा माणूस गेला की आमच्या ग्रुपवर सकाळी श्रद्धांजली सुरू होते आणि दुपारपर्यंत कुणीतरी विचारतंच की आता सर्विसचं काय, पार्ट मिळतील ना, रीसेल व्हॅल्यू पडेल का. लगेच चार जण त्याच्यावर तुटून पडतात, अरे माणूस गेलाय आणि तुला रीसेलचं पडलंय. मला मात्र तो प्रश्न अजिबात वावगा वाटत नाही. त्या माणसाने आयुष्यभर जे बनवलं ते आपल्या हॉलमध्ये उभं आहे, ते चालू राहणार की नाही हे विचारणं म्हणजे त्याच्या कामाचीच काळजी करणं आहे. आणि या धंद्यात ती काळजी करायला खरंच कारण आहे, कारण यातल्या कितीतरी कंपन्या म्हणजे एक माणूस, त्याचे कान आणि त्याच्या आजूबाजूचे वीस-तीस जण, एवढाच सगळा पसारा असतो.

मला याबाबतीत कायम आठवते ती थील ऑडिओ. अमेरिकेत केंटकी राज्यातलं लेक्सिंग्टन, घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेलं गाव, तिथे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जिम थील, त्याचा भाऊ टॉम आणि कॅथी गॉर्निक यांनी ही स्पीकर कंपनी सुरू केली. जिम डिझाइन करायचा, टॉमचा लाकूडकामात हातखंडा, आणि धंद्याची बाजू कॅथीकडे. तीन माणसं, तिघांची तीन कामं, आणि कंपनी तीस वर्षं छान चालली. 17 सप्टेंबर 2009 ला जिम कॅन्सरने गेला. 2012 मध्ये कंपनी नॅशव्हिलच्या एका प्रायव्हेट इक्विटीवाल्यांना (म्हणजे नफ्यासाठी कंपन्या विकत घेणाऱ्या फंडाला) विकली गेली आणि 2018 मध्ये गाशा गुंडाळला. म्हणजे जिमनंतर नऊ वर्षं, आणि विकल्यानंतर जेमतेम सहा.

पण नुसत्या तारखांवरून कळत नाही की नक्की काय गेलं, त्यासाठी जिम काय करायचा ते थोडं सांगायला हवं (ज्यांना टेक्निकलचा कंटाळा आहे त्यांनी एक पॅरा सोडला तरी चालेल, पण मला सांगायचंच आहे).

स्पीकरमध्ये वूफर (खालच्या सुरांसाठी), मिडरेंज (मधल्या), ट्वीटर (वरच्या) असे आवाज काढणारे वेगवेगळे ड्रायव्हर असतात आणि कुठला आवाज कुणाकडे जाणार हे क्रॉसओव्हर ठरवतो. बहुतेक कंपन्या क्रॉसओव्हर तीव्र उताराचा करतात, म्हणजे एका ठराविक फ्रिक्वेन्सीच्या पलीकडे तो ड्रायव्हर जवळजवळ गप्पच बसतो, काम सोपं होतं. पण त्यात सिग्नलची फेज फिरते, म्हणजे लाटांचा ताळमेळ बिघडतो, आणि सगळे ड्रायव्हर सपाट बॅफलवर (ज्या पुढच्या फळीवर ते बसवतात ती) असले तर त्यांचे आवाज कानाशी थोडे मागेपुढे पोचतात. जिमचा हट्ट होता की सगळे एकाच वेळी पोचले पाहिजेत, म्हणून त्याने फर्स्ट ऑर्डर क्रॉसओव्हर घेतला, दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी दुप्पट किंवा निम्मी झाली की) फक्त 6 डीबी म्हणजे डेसिबल उतार. ऐकायला हे सगळ्यात साधं सर्किट, एक कॉइल आणि एक कॅपॅसिटर, पण प्रत्यक्षात फार अवघड, कारण आता प्रत्येक ड्रायव्हरला आपल्या हद्दीच्या बाहेर लांबपर्यंत गावं लागतं, ट्वीटरला खालचा भार सोसावा लागतो, आणि ड्रायव्हरचा स्वतःचा जो नैसर्गिक उतार असतो तोसुद्धा सर्किटने भरून काढायचा म्हणजे शेवटी मिळणारा आवाज बरोबर 6 डीबीनेच उतरेल. त्यामुळे थीलचा क्रॉसओव्हर उघडून बघितला तर पार्टच पार्ट. बाजारातले ड्रायव्हर हा जाच सहन करू शकत नव्हते म्हणून पुढे जिमने ड्रायव्हरसुद्धा स्वतःच डिझाइन करायला घेतले. समोरचा बॅफल मागे कललेला, तो दिसायला छान म्हणून नाही, वूफर आणि ट्वीटरचा आवाज एका वेळी निघावा म्हणून. नंतरच्या मॉडेलमध्ये त्याने ट्वीटर थेट मिडरेंजच्या मधोमधच बसवला. सीएस 3.7 हे त्याचं शेवटचं मोठं काम, त्यातला मिडरेंज नेहमीच्या कोनासारखा खोलगट नाहीये, जवळपास सपाट अॅल्युमिनियमची चकती आणि तिच्यावर मधून बाहेरच्या कडेपर्यंत लाटा, पाण्यावर उठतात तशा गोल नाहीत, किरणांसारख्या.

माझा मावसभाऊ सिनसिनाटीला असतो, लेक्सिंग्टनपासून फार लांब नाही. त्याच्याकडे थीलचे सीएस 2.4 आहेत, सेकंडहँड घेतलेले. मी गेलो होतो तेव्हा आम्ही तबला सोलो लावला. चाटेवरचा 'ना' आणि डग्ग्याचा 'घे' एकाच क्षणी सुटतो ना, ते बहुतेक स्पीकरवर दोन वेगळ्या ठिकाणाहून आल्यासारखं वाटतं, वर टिचकी आणि खाली घुमारा. इथे 'धा' हा 'धा' म्हणूनच आला, एका माणसाच्या दोन हातांतून. बोट पुडीवर पडतं तो आवाज आणि मग नाद, हा क्रमसुद्धा कळत होता. दादा म्हणाला सोफा पुढे ओढू नकोस, सात-आठ फुटांच्या आत बसलास तर ड्रायव्हर एकमेकांत मिसळत नाहीत. आणि अॅम्प दणकट लागतो, इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) तीन-चार ओहमच्या आसपास, म्हणजे कमीच, असल्याने करंट खूप ओढतात, म्हणून अमेरिकेत शोरूममध्ये थीलच्या मागे क्रेलसारखे राक्षसी अॅम्प लावलेले दिसायचे. असे हट्टी स्पीकर होते ते, पण त्या हट्टामागे एक विचार होता.

आता विचार करा, हा माणूस गेल्यावर नवीन मालकाच्या हातात नक्की काय येतं? नाव येतं, डीलरची यादी येते, गोदामातला माल, मशिन, ड्रॉइंग. जिमच्या पश्चात जुन्या टीमने सीएस 2.7 काढला, त्यात 3.7 चाच मिडरेंज-ट्वीटर वापरला, आणि तो चांगला झाला कारण ज्यांनी त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं ते लोक अजून तिथेच होते. पण कंपनी विकल्यावर मुक्काम नॅशव्हिलला हलला, लेक्सिंग्टनची घडी मोडली, एकामागून एक सीईओ बदलले, आणि 2014 च्या सुमाराला जे नवे मॉडेल आले त्यात फर्स्ट ऑर्डरच नव्हता! नेहमीचे तीव्र उताराचे क्रॉसओव्हर, उभे सरळ टॉवर. ते स्पीकर वाईट होते असं मी म्हणत नाही, मापंही व्यवस्थित होती. पण थील घेणारा माणूस ज्या एका कारणासाठी थील घ्यायचा तेच कारण काढून टाकलं, मग त्याने त्याच पैशात दुसऱ्या दहा कंपन्यांचा टॉवर का घेऊ नये? जुना गिऱ्हाईक दुरावला आणि नव्याला नावाचं काही अप्रूप नव्हतं. मला राग येतो तो याचा. पैसे घालून कंपनी घेतली आणि जी गोष्ट विकत घेण्यासारखी होती तिलाच हात लावला.

सगळीकडे असंच होतं असंही नाही. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीची अॅम्प बनवणारी नेम ऑडिओ बघा. संस्थापक ज्युलियन व्हरीकर जानेवारी 2000 मध्ये गेला, आणि तोही थोडाथोडका हट्टी नव्हता. पण त्याच्या हयातीतच दुसरी फळी तयार होती, पॉल स्टीफनसनसारखे धंदा सांभाळणारे, रॉय जॉर्जसारखे इंजिनिअर, त्याच्या हाताखाली मुरलेले. 2011 मध्ये कंपनी फ्रान्सच्या फोकलबरोबर एक झाली तेव्हा लोक म्हणाले आता संपलं, पण 2014 मध्ये स्टेटमेंट नावाचा प्रचंड अॅम्प आला तो स्टीव्ह सेल्सने डिझाइन केलेला, आणि नॅप 250 हे 1975 चं नाव रूपं बदलत बदलत अजून कॅटलॉगमध्ये आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जुना अॅम्प पाठवला तर ते कॅपॅसिटर बदलून, तपासून परत देतात. माझ्या दृष्टीने नेम जिवंत असल्याचा खरा पुरावा हाच, नवीन मॉडेल तर कुणीही काढेल.

जपानमध्ये हिरोयासु कोंडो, ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगला चांदीची तार वापरणारा माणूस, ओंगाकु अॅम्पवाला, तो तर जानेवारी 2006 मध्ये लास व्हेगासला ऑडिओ शोसाठी गेला असतानाच वारला. इतकं अचानक. तरी मासाकी आशिझावाने कंपनी हातात घेतली आणि ती अजून चालू आहे. अमेरिकेतल्या विल्सन ऑडिओ या स्पीकर कंपनीचा डेव्ह विल्सन मे 2018 मध्ये गेला, पण त्याने मुलाला, डॅरिलला, आधीच खुर्चीत बसवलं होतं आणि स्पीकर ट्यून करायलाही बरोबर घेतलं होतं, त्यामुळे बापाच्या आद्याक्षरांचा साशा डीएडब्ल्यू त्याच वर्षी बाजारात आला.

उलट हयातीत विकून मोकळं झालं की प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या ऑडिओ रिसर्च या अॅम्प कंपनीच्या विल्यम जॉन्सनने 2008 मध्ये कंपनी विकली, 2011 च्या डिसेंबरमध्ये तो गेला, मग मालक बदलत राहिले आणि 2023 मध्ये कंपनी कर्जापायी अगदी बंद पडायच्या बेतात आली, शेवटी अकोरा स्पीकरवाल्या व्हॅलेरिओ कोराने ती घेतली म्हणून वाचली. मिनेसोटातली जुनी माणसं कामावर राहिली हे त्यातल्या त्यात चांगलं.

या सगळ्यांकडे बघून माझं मत असं झालंय की मालकाच्या मागे मुलगा आहे की फंड आहे याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या कुणाचे कान आणि हात तो असतानाच तयार झाले होते का याने. आपल्याकडे मिरजेला तंबोरे होतात, 2024 मध्ये जीआय टॅगसुद्धा मिळाला, तिथे जवारी लावायची (घोडी घासून तारेला झणकार आणायची) विद्या कुणी कागदावरून शिकत नाही, पोरगा वर्षानुवर्षं शेजारी बसतो, घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो, चुकला की मोठा माणूस नुसतं हं करतो. हाय-एंडमध्ये शेवटचं ट्यूनिंग हे त्याच जातीचं काम आहे. माप घेऊन नव्वद टक्के होतं, उरलेलं कुणीतरी ऐकून ठरवतं, आणि ते ऐकणं दुसऱ्याला दिलं नाही तर ड्रॉइंगची कपाटंच्या कपाटं असून उपयोग नाही.

आणि काही जण तर ड्रॉइंगही ठेवत नाहीत. माझ्याकडे एका छोट्या परदेशी मेकरचा प्रीअॅम्प (मुख्य अॅम्पच्या आधी लागणारा) होता, नाव घेत नाही, माणूस गेलाय. त्याच्यानंतर वर्षभरात वेबसाइट बंद, मेलला उत्तर नाही, आणि एक चॅनल, म्हणजे एका बाजूचा आवाज, बसला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या एका काकांकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मला बोलावून दाखवलं, आयसीवरचे (चिपवरचे) नंबर पॉलिश पेपरने घासून काढलेले, आणि मधला एक भाग काळ्या रेझिनमध्ये ओतून ठोकळा केलेला. "साहेब, हे आम्ही चोरू नये म्हणून केलंय. पण आता तोच नाही, तर मी उघडू कसं?" तो प्रीअॅम्प दुरुस्त झाला नाही. कॉपी होण्याची भीती मला कळते, छोट्या माणसाची सगळी कमाई त्या एका सर्किटमध्ये असते, पण ज्याने पदरमोड करून वस्तू घेतली त्याला वाऱ्यावर सोडणं आहे हे.

त्या मानाने थीलवाले नशीबवान. कंपनी बुडाली पण तिथल्याच एका जुन्या कर्मचाऱ्याने, जो जिमच्या काळापासून सर्विस बघायचा, लेक्सिंग्टनमध्येच पार्ट आणि दुरुस्तीचं काम सुरू ठेवलं. दादाने चौकशी करून 2.4 चा एक जास्तीचा मिडरेंज-ट्वीटर आणून बेडरूमच्या कपाटात ठेवलाय, मूळ खोक्यासकट. त्या मॉडेलमध्ये मिडरेंज आणि ट्वीटर एकाच व्हॉइस कॉइलवर (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर) चालतात, मधली वाटणी मेकॅनिकल, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या कंपनीचा ड्रायव्हर तिथे बसूच शकत नाही, आणि आपल्याकडे जसं रिकोन (स्पीकरचा फाटलेला कोन-कॉइल बदलणं) करून घेतो तसं कुठल्याही दुकानात होण्यासारखं ते काम नाही. वहिनी म्हणाली एवढे पैसे कपाटात ठेवायला का घातले. मला विचाराल तर योग्य केलं.

सध्या माझं एका छोट्या मेकरकडून फोनो स्टेज (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) घ्यायचं चाललंय. त्याला मेल करून सरळ विचारलं की सर्किट डायग्रॅम देणार का, पार्टवरचे नंबर शाबूत असतात का, आणि तुमच्यानंतर हे दुरुस्त कोण करणार. तिसरा प्रश्न लिहिताना जरा अवघडलो होतो, जिवंत माणसाला असं कसं विचारायचं. त्याचं उत्तर आलं ते मोठं आणि मोकळं होतं: डायग्रॅम खोक्यातच देतो, नंबर घासत नाही, आणि बायकोचा भाचा काही वर्षांपासून हाताखाली आहे, हल्ली शेवटचं टेस्टिंग तोच करतो, मी फक्त ऐकून हो-नाही सांगतो, आणि अलीकडे नाही म्हणायची वेळ कमी येते. मी त्याच दिवशी अॅडव्हान्स पाठवला.