बाळंतिणीला बघायला जाताना काय न्यावं?

प्रसूती वॉर्डात नर्स म्हणून नोकरी झाली, त्यामुळे नात्यातल्या, शेजारच्या बायका हा प्रश्न मला हमखास विचारतात. आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडवरनं झबली-टोपडी घ्यायची, की लक्ष्मीपुरीतनं खारीक, डिंक, अळीव? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. यातलं काहीही न्या, पण तासभर वेळ काढून जा. आणि घरात शिरल्यावर आधी पाळण्याकडं नाही, तिच्याकडं बघा.

भेटायला आलेली माणसं काय बोलतात ते मी वर्षानुवर्षं ऐकलंय. नाक कुणावर गेलंय, दूध पुरतंय काय, सिझर का केलं. दुसरी मुलगी असेल तर कुणीतरी सुस्कारा टाकतंच. तो सुस्कारा तिच्या मनात महिनोन्‌महिने राहतो. त्यापेक्षा "तू जेवलीस का? रात्री झोप मिळाली का?" एवढंच विचारा, आणि ती बोलायला लागली की मधे सल्ला देऊ नका. बाळ तुमच्या मांडीवर घ्या आणि तिला झोपू दे.

सव्वा महिन्याची विश्रांती, गरम पाणी, तेल लावायला येणाऱ्या मावशी, हे आपलं फार चांगलं आहे. पण पाणी कमी पाजणं आणि बंद खोलीत शेगडीचा धूर, या दोन गोष्टींवर मी भांडते. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्तच लागते, तिला हवं तेवढं पाणी द्या. नुसत्या तूप-भातावर ठेवू नका. डाळी, पालेभाज्या, अंडी चालतात. मांसाहारी घर असेल तर अळणीचा, म्हणजे मटणाच्या बिनतिखट रश्शाचा, डबा न्या. तिच्या आईलाही पुरेल एवढा न्या, कारण त्या घरात सगळ्यात दमलेली दुसरी बाई तीच असते. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या चालू आहेत का, तेवढं विचारा.

काही गोष्टी दिसल्या तर गप्पा थांबवून सरळ गाडी काढायची: तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, ताप, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, एकच पोटरी सुजून दुखणं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं. बाळंतपणात रक्तदाब नीट होता म्हणून निर्धास्त राहू नका. तो नंतरच्या सहा आठवड्यांतही वाढू शकतो.

आता मनाचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढंही रडणं, अपराधी वाटणं, बाळ झोपलेलं असूनही हिचा डोळा न लागणं चालू राहिलं, तर तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं डॉक्टर देतात. "जगावंसं वाटत नाही असं होतं का?" हे स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते.

क्वचित एखादी पहिल्या दोन आठवड्यांत अजिबात झोपत नाही, असंबद्ध बोलते, घरच्यांवरच संशय घेते, बाळाबद्दल भलतंच काही सांगते. आपल्याकडं लगेच "बाहेरचं काहीतरी झालंय" म्हणतात आणि देवऋष्याकडं नेतात. अंबाबाईचा अंगारा लावा, माझी काही हरकत नाही, पण त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या आणि तोवर आई-बाळाला एकटं सोडू नका. ती तातडीची वेळ असते आणि वेळेवर उपचार मिळाले की या मुली बऱ्या होतात. मी पाहिल्यात. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर रात्रंदिवस चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

एकदा जाऊन आलात की झालं, असं मात्र समजू नका. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. बारसं उरकतं, ती सासरी परत जाते, नवरा कामावर जातो, आणि मग दिवसभर कुणी फिरकत नाही. तेव्हा जा. सहाव्या आठवड्यात तिची तपासणी असते, ती बाळाच्या डोसाच्या गडबडीत राहूनच जाते. त्या दिवशी बाळ घ्यायला सोबत जा.