पुढचा ब्रेक आणि मिरजेची तार

“पुरातली गाडी हाय, असंच व्हणार.” महिनाभरात हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी शेवटी ते बोलायच्या आधीच मी मान हलवायला लागलो होतो.

गाडी पुरातली आहे, हे खरंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, तेव्हा ही मोटारसायकल गावभागात एका तळमजल्यावर हँडलाच्या वरपर्यंत पाण्यात होती. नंतर मी ती जवळपास भंगाराच्या भावात घेतली. इंजिन, वायरिंग, बेअरिंगं हे सगळं रांगेनं झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) मोठं टाकलं आणि एका बंद दगडखाणीत ट्रायल्सचा सराव सुरू केला. ट्रायल्स म्हणजे रेस नव्हे. दगडधोंड्यांतून मुंगीच्या चालीनं, पाय न टेकता जायचं. पाय एकदा टेकला की १ गुण दंड, दोनदा २, त्यापुढं कितीही वेळा टेकला तरी ३, आणि गाडी अडकली किंवा पडली की थेट ५. त्यात पुढचा ब्रेक म्हणजे एका बोटाचं काम. दाबला की धरला पाहिजे आणि सोडला की त्याच क्षणी सुटला पाहिजे.

माझा सुटत नव्हता. म्हणजे सकाळी चाक उचलून फिरवलं तर गरगर फिरायचं. दहा-पंधरा वेळा ब्रेक मारला की लिव्हर दगडासारखी घट्ट, चाक जाम. डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र! अर्धा तास गाडी सावलीत उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी. एकदा तर सांगली-मिरज रोडला विश्रामबागच्या गर्दीतच धरून बसली. मागचा रिक्षावाला जे बोलला ते इथं लिहिता येणार नाही.

मिस्त्री म्हणाला, कॅलिपर, म्हणजे चाकापाशी डिस्कला चिमटणारा भाग. स्पेअरच्या काउंटरवरचा माणूस गाडी न बघताच म्हणाला, “सुटं किट येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्या.” मी हट्टानं किटच, म्हणजे नुसते रबरी सील, मागितलं. “मागवावं लागंल, चार दिवस.” ते अकराव्या दिवशी आलं, तेही तीन फोन आणि चार फेऱ्यांनंतर. त्या अकरा दिवसांचा राग अजून गेलेला नाही, कारण किटची गरजच नव्हती.

अर्थात ते तेव्हा कुठं ठाऊक होतं? रविवारी कॅलिपर खोलला. पंपाच्या हवेनं पिस्टन बाहेर काढला (समोर कापड धरा, बोट नको, तो गोळीसारखा सुटतो). सीलच्या खाचेतला पांढरा थर टूथपिकनं खरवडला. तो थर सीलला मागून ढकलतो आणि सील पिस्टनला आवळतं, त्यामुळं मिस्त्रीचा अंदाज अगदीच चुकीचा होता असं नाही. नवं रबर ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवलं. ग्रीस किंवा पेट्रोल लावू नका, हे रबर फुगतं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडर पिना साफ केल्या, ऑइलमधली एअर काढली. छाती फुगवून खाणीत गेलो. बारावा ब्रेक. जाम.

त्या दिवशी गाडी ढकलत रस्त्यापर्यंत आणताना पहिल्यांदा शांतपणे विचार केला. गार असताना मोकळा, तापल्यावर जाम. म्हणजे ऑइल तापून फुगतंय आणि फुगलेल्या ऑइलला परतीची वाट मिळत नाही. वाट नक्की कुठं बंद आहे?

हे शोधायला दोन मिनिटं लागतात, आणि हे मला कुणीच सांगितलं नाही. ब्रेक जाम असतानाच आठच्या पान्यानं कॅलिपरचा निप्पल (एअर काढायचा स्क्रू) थोडा ढिला करायचा. मी केला तर ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक फिरायला लागलं. म्हणजे कॅलिपर निर्दोष, वरून प्रेशर अडकलंय. निप्पल आवळला, पुन्हा ब्रेक मारून मारून जाम केला. आता वर लिव्हरपाशी ऑइल दाबणारा मास्टर सिलेंडर असतो, त्याला पाइप जोडणारा बॅन्जो बोल्ट कापड गुंडाळून पाव आटा ढिला केला. पुन्हा चाक मोकळं. पाइप आतून फुगून बंद झाला असता, तर इथं सुटलं नसतं. उरला मास्टर सिलेंडर.

त्याच्यावरच्या ऑइलच्या टाकीचं झाकण काढलं. आत काळ्या चहासारखं ऑइल. निप्पलला नवं ऑइल येईपर्यंत एअर काढली होती, तरी टाकीच्या तळाचा गाळ मी पुसलाच नव्हता. ही माझी चूक. ऑइल सिरिंजनं ओढलं आणि तळ कापडानं पुसला. एक भोक दिसलं. एकच. नीट वाचल्यावर कळलं की भोकं दोन असतात. मोठ्यातून ऑइल भरतं. दुसरं बारीक, लिव्हर सोडल्यावर जास्तीचं ऑइल टाकीत परत येण्यासाठी. मोबाइलची टॉर्च तिरकी धरली तेव्हा मोठ्या भोकाच्या शेजारी खसखशीच्या दाण्याएवढा खड्डा दिसला, राखाडी मळानं लिंपलेला. पुराचं पाणी ऑइलमध्ये गेलं, आतलं ॲल्युमिनियम खाल्लं आणि त्याचाच हा मळ. पुरातली गाडी असं म्हणणारे बरोबरच होते म्हणायचे, फक्त कुठं ते एकालाही सांगता आलं नाही.

सुई जाड पडली. वायरमधला तांब्याचा तंतू लगेच वाकला. ड्रिल लावायचा मोह झाला, पण भोक मोठं झालं की सगळंच गेलं. मग आठवलं, मावसभाऊ मिरजेत सतार शिकतो. फोन केला. “दादा, चिकारीची तार चालंल का? ०.२३ मिलिमीटरची हाय.” सतारमेकर गल्लीतून त्यानं वीस रुपयांची तार आणली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्यात ब्रेक दुरुस्तीचा उल्लेख नसावा.

तार सरळ खाली घालायची, घुसळायची नाही. खालचं रबर फाटतं. तिसऱ्या प्रयत्नाला ती सुळकन आत गेली. टाकीत नवं ऑइल भरलं, लिव्हर हलकेच दाबली, आणि त्या खड्ड्यातून बारीक कारंजं उडालं. खरं सांगतो, अंगणात एकटाच ओरडलो. कारंजं बघताना तोंड लांब ठेवा, आणि पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका. ब्रेक ऑइलनं माझ्या टाकीचा रंग दोन ठिकाणी उडालाय.

आणखी एक राहिलं: ब्रेक ऑइल सीलबंद डॉट ४ (ऑइलचा दर्जा) च घ्या. नव्याचा उत्कलनांक किमान २३० अंश असतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत येतो. मला काउंटरवर आधी अर्धी उघडी बाटली देत होते.

परवा खाणीत चाळीस ब्रेक मोजून मारले. चाक मोकळं. काल त्याच काउंटरवरून फोन आला, “तुमची असेंब्ली आलीया, कधी नेताय?” मी असेंब्ली मागवलीच नव्हती.