आंबोलीच्या सड्यावर: उभयचर आणि सरीसृपांच्या पावसाळी सर्वेक्षणाचा वृत्तांत

समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर असलेल्या आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळातच कोसळतो. इतके पाणी मिळाल्यावर बेडकांची चैन असणार, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांच्यापुढचा प्रश्न अंडी वाहून जाणार नाहीत आणि उघडीप पडल्यास सुकणारही नाहीत, अशी जागा शोधण्याचा असतो. म्हणूनच नुसत्या प्रजातींची यादी करण्यापेक्षा प्रत्येक प्राणी कशावर, जमिनीपासून किती उंचीवर आणि पाण्यापासून किती अंतरावर दिसला, हे टिपायचे, असे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते. अंधार पडल्यावर ठरलेल्या पाऊलवाटेवरून ठरलेला वेळ संथपणे चालणे, दोन्ही बाजू टॉर्चने पाहणे आणि प्रत्येक नोंदीसोबत तापमान व आर्द्रता लिहिणे, एवढीच आमची पद्धत होती.

सुरुवात जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या सपाट कातळपठारावरून केली. 2009 मध्ये विज्ञानाला नव्याने परिचित झालेला, कुशीवर वाघासारखे पट्टे असलेला आंबोली भेक (झँथोफ्राइन टायगेरिना) इथेच आढळतो आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर हे भेक सड्यावर एकत्र येतात आणि खडकाच्या उथळ खळग्यांत साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. आम्ही पाहिलेल्या एका खळग्यात बोटाचे पेरही नीट बुडत नव्हते, आणि तळाच्या करड्या गाळावर काळसर अंडी विखुरलेली होती. अशा पाण्यात मासे नसतात, हा फायदा. पण चार दिवस ऊन पडले की सारा जुगार हरला. या भेकासाठी जूनच्या सुरुवातीलाच पोहोचावे, जुलैपर्यंत हा खेळ आटोपलेला असतो. सड्यावर पाऊल टाकण्याआधी खळगा पाहून घ्यावा आणि गाडी तर सड्यावर मुळीच चढवू नये.

जंगलात शिरल्यावर त्याच प्रश्नाची निराळी उत्तरे दिसतात. मलबार उडत्या बेडकाची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांमध्ये स्रावाला पायांनी घुसळून फेसाचे घरटे करते. वरचा थर वाळतो, आत ओल टिकते आणि बाहेर पडलेले बेडूकमासे थेट खालच्या पाण्यात टपकतात. आंबोलीचा झुडपी बेडूक (स्यूडोफिलॉटस आंबोली) त्याहून पुढे गेला आहे: त्याच्या अंड्यांतून बेडूकमासे नव्हे, तर थेट इवले बेडूक बाहेर येतात, त्यामुळे त्याला डबक्याची गरजच उरत नाही. पाणी झिरपणाऱ्या कातळावर टॉर्च आडवी धरली, तर इंडिराना गणातल्या बेडकांचे लांब शेपटीचे पिल्लू दगडाला चिकटून, जवळजवळ पाण्याबाहेर, सरकताना दिसते. माझ्या मते आंबोलीत पाहण्यासारखे सर्वांत विलक्षण दृश्य हेच आहे, पण पर्यटक त्या कातळासमोर उभे राहून धबधब्याचे फोटो काढतात.

देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर, शोधण्यासाठी ओल्या मातीवरचे दगड व कुजके ओंडके उचलावे लागतात. उचललेला दगड जसा होता तसाच परत ठेवावा, कारण इक्थिओफिस गणातल्या माद्या अंड्यांभोवती वेटोळे घालून बसतात. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला बारीक स्पर्शक भिंगातून जरूर पाहावा; जमिनीखाली डोळ्यांचा उपयोग फारसा नसल्याने वासाचा माग तिथूनच घेतला जातो.

सरीसृपांमध्ये मलबार चापडा हा विषारी साप सहज भेटतो, कारण तो वाटेलगतच्या झुडपांवर तासन्‌तास निश्चल बसतो. त्याच्या डोळा-नाकपुडीमधल्या खड्ड्यांतून उष्णता जाणवते, म्हणून अंधारातही उंदरासारखे उष्ण रक्ताचे भक्ष्य त्याला कळते. हिरवा, तपकिरी, पिवळट असे त्याचे अनेक रंग असतात, त्यामुळे रंगावरून ओळख पटवू नये. फोटोसाठी फांदी वाकवणारे हात आम्ही पाहिले. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर बनते, चापड्याच्या नव्हे, हे त्यांना बहुधा ठाऊक नसावे.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. सावंतवाडी रेल्वे स्थानकापासून घाटरस्त्याने वर येता येते. गमबूट आणि जळवांसाठीचे मोजे आवश्यक आहेत. दुसऱ्या ठिकाणाहून आलेले बूट धुऊन, जंतुनाशक लावून आणि वाळवूनच आणावेत, कारण बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी चिखलाबरोबर प्रवास करते. डासांचे मलम लावलेल्या हातांनी उभयचराला स्पर्शही करू नये; त्याची त्वचा पाण्यासोबत रसायनेही शोषते. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे प्राणी हाताळण्यास वन विभागाची परवानगी लागते, मात्र पाहण्याच्या नोंदींवर बहुतेक काम भागते. भेकाच्या प्रजननस्थळांचे अचूक अक्षांश-रेखांश सार्वजनिक करू नयेत. आणि रात्री घाटातून गाडी अगदी सावकाश हाकावी; पहिल्या जोरदार पावसात रस्ता ओलांडणारे बेडूक दिव्यांपुढे थबकतात.