दोन हिनोकी आणले, एक जगला – माझा अनुभव

सिंहगड रोडच्या जपानी बागेत, म्हणजे आपल्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी फिरायला जायचे तेव्हापासून डोक्यात होतं की घराशी एखादं तरी जपानी सदाहरित झाड हवं. हिनोकी म्हणजे जपानी फॉल्स सायप्रस. जपानातलं इसेचं देऊळ दर २० वर्षांनी नव्याने उभारतात (मागचं २०१३ ला झालं) ते याच लाकडात, हे वाचल्यापासून तर मला दुसरं काही नकोच होतं.

हडपसरच्या पुढे सोलापूर रोडला चार नर्सऱ्या पालथ्या घातल्या, सगळीकडे "आहे ना मॅडम, गोल्डन सायप्रस" म्हणून जे हातात ठेवायचे ती आपली मोरपंखी. मोरपंखी वाईट नाही, पुण्याच्या उन्हात मजेत वाढते, पण मला हवं होतं ते हे नव्हे. ओळखायची सोपी खूण सांगते, डहाळी उलटी करून बघायची. मोरपंखीचे पंखे उभे असतात आणि दोन्ही बाजूंनी सारखेच हिरवे दिसतात. हिनोकीची डहाळी आडवी पसरते, खवल्यांसारख्या पानांची टोकं बोथट असतात आणि खालच्या बाजूला पांढऱ्या रेषांनी बारीक इंग्रजी वाय काढल्यासारखा दिसतो. भिंग घेतलं तर फारच सुंदर दिसतं ते.

शेवटी बोन्साय करणाऱ्या मैत्रिणीच्या ओळखीतून डिसेंबरमध्ये दोन रोपं मिळाली, वीतभर उंचीची. एक कोथरूडच्या घराच्या मागच्या बागेत जमिनीत लावलं, दुसरं कुंडीत ठेवलं. दोघांनाही सकाळचं ऊन अकरा-साडेअकरापर्यंत, पुढे भिंतीची सावली. थंडीत दोन्ही छान होती.

एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकला आणि कुंडीतल्याचा रंग उतरला, धूळ बसल्यासारखा. मी रोज पाणी घालत होते, तरी असं का कळेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं वरून ओलं दिसतंय, जरा बोट घालून बघ की आत." खरंच, नर्सरीच्या लाल मातीचा मूळचा गोळा आत विटेसारखा कडक झाला होता आणि पाणी त्याच्या कडेने खाली निघून जात होतं, मधली मुळं कोरडी ठणठणीत. मग अख्खी कुंडी बादलीत बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत जवळजवळ वीस मिनिटं. कुंडी काळ्या प्लॅस्टिकची होती, दुपारी हात लावला तर चटका बसायचा, म्हणून ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत वाळू भरली आणि वाळू ओली ठेवली. याने सगळ्यात जास्त फरक पडला असं मला वाटतं.

मे महिन्यात लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पांढरा कागद डहाळीखाली धरून टिचकी मारली तर ठिपके पडले आणि ते चालायला लागले! पाण्याचा जोरदार फवारा खालच्या बाजूने, दर दोन दिवसांनी सकाळी, असं तीन आठवडे केलं आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोनदा कडुनिंबाचं तेल मारलं. गेले.

मला वाटलं उन्हाळा निघाला म्हणजे जिंकलो. पण जमिनीतलं रोप गेलं ते पावसाळ्यात. आमच्याकडे काळी माती, जुलैत ती फुगते आणि पाणी धरून बसते. या झाडाला ओलावा लागतो पण साचलेलं पाणी अजिबात नाही, जपानातही ते डोंगरउतारावर वाढतं जिथे कितीही पाऊस झाला तरी पाणी थांबत नाही. ऑगस्टपर्यंत वरून हिरवंगार होतं. गणपतीनंतर टोकं फिकट झाली, माळीकाका म्हणाले पाणी कमी पडतंय, मी अजून पाणी घातलं, दसऱ्याला पूर्ण तांबूस. उपटून बघितलं तर मुळाची साल बोटांत धरली की शेंगेच्या टरफलासारखी निसटत होती, आत काळपट दोरा, कुबट वास. खूप वाईट वाटलं, अजूनही वाटतं. या जातीच्या झाडांची मुळं संपली तरी पानं कित्येक आठवडे हिरवी राहतात, त्यामुळे रंग बदलल्यावर केलेले उपाय उशिराचेच असतात.

कुंडीतल्याची माती मी लगेच बदलली नाही, थंडी पडेपर्यंत थांबले. मग पालापाचोळ्याचं खत, कोकोपीट, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे असं मिश्रण केलं, शेणखत मूठभरच, काळी माती शून्य. जुना लाल गोळा काडीने कडेकडेने मोकळा केला, पण अर्धाच, सगळी मुळं एकदम उघडी केली नाहीत.

एक घाबरवणारी गोष्ट, आतली जुनी पानं वर्षातून एकदा तपकिरी होऊन गळतात, ते नॉर्मल आहे, हाताने झाडून टाकायची. टोकं तपकिरी झाली तर मात्र काळजी. आणि छाटणी करताना हिरव्या भागातच कापायचं, पानं नसलेल्या जुन्या लाकडावर याला परत फूट येत नाही. मी एक फांदी अशी घालवली, तिथे अजून भोक दिसतं.

दुसरा उन्हाळाही निघाला. टोकांना पोपटी नवी वाढ आहे, जेमतेम दोन बोटं, पण सगळीकडे आहे. परवा वळवाची सर आली तेव्हा कुंडी तीन विटांवर उचलून ठेवली आणि खालची भोकं काडीने मोकळी करून घेतली, पाणी धो धो निघतंय.