आमची वाटचाल: तान्ह्या पोळ्याच्या नंदीपासून चुलीजवळच्या पेटीपर्यंत

आमच्या घरी तीन पिढ्यांचं सुतारकाम. आधी वखर, तिफण, बंडीची चाकं. ट्रॅक्टर आले तसं ते काम आटलं आणि दारं-खिडक्या, देव्हारे एवढंच उरलं. एक काम मात्र दरसाल न चुकता यायचं, ते तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपला नंदी सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात, त्यामुळे श्रावणभर आमच्या सपरीत (ओसरीत) दुसरं काही नसे. सण झाला की तेच चाकाचे बैल वर्षभर फळीवर पडून राहत. त्या रिकाम्या महिन्यांतूनच लहान लेकरांच्या खेळण्यांचा आमचा आताचा धंदा उभा राहिला.

कारण घरचंच होतं. २०२० च्या टाळेबंदीत आमचा धाकटा दीड वर्षाचा होता. दोन वर्षांचा झाला तरी चार-पाच शब्दांपुढे जाईना, आणि मोबाईल दिसल्याशिवाय घास घेईना. डॉक्टरांनी कान तपासले, ते नीट होते. मोबाईल बंद करा आणि त्याच्याशी बोला, एवढंच त्यांनी सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच हे सांगून ठेवलंय: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, एक वर्षाच्या मुलालाही नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको. लेकरू बोट दाखवतं, आपण नाव सांगतो, ते पुन्हा बोट दाखवतं. भाषा अशी येते. मोबाईलमधलं चित्र लेकरासाठी थांबत नाही.

मग आमच्या ह्यांनी त्याला ठोकळे करून दिले, दांडीत घालायच्या चकत्या केल्या. बघून शेजारणींनी मागितले. वर्धेच्या एका प्रदर्शनात मांडले, तर नागपूरहून आलेल्या आयांनी सगळे उचलले. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या स्वतःच्या गावात मात्र दोन संच खपले, तेही नात्यात. शेवटी गल्लीतल्या एका आजीने मला सरळ विचारलं, "मोबाईल देला का पोट्टं चार घास खाते, अन् मले भाकर टाकू देते. तुह्या ठोकळ्यानं भाकर होते का?"

तिचं म्हणणं मला रात्रभर पुरलं. वेचणीच्या दिवसांत सून सकाळीच कापसात जाते. घरी आजी, चूल आणि दोन वर्षांचं लेकरू. अंगणवाडीतलं शाळापूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतं. त्याहून लहानांसाठी घरी आहाराची पाकिटं येतात. म्हणजे सगळा भार त्या आजीवर. तिला शिकवण्याचं सामान नको होतं. भाकरी होईपर्यंत लेकरू जवळ, पण चुलीपासून दूर रमेल आणि तिचे हात मोकळे राहतील, असं काही हवं होतं.

म्हणून ठोकळे बाजूला ठेवून पेटी केली. तिच्यात एकात एक बसणारे तीन लाकडी गंज (भांडी), फट असलेला डबा आणि त्यात टाकायच्या चकत्या, गावातल्या बुरूडभाऊंनी विणलेली दोन टोपली आणि आमचा नंदी. नंदीची दोरी आखूड केली, गळ्याभोवती फिरू नये म्हणून. बाकी सामान आजीच्या घरातलंच: कांदे, बटाटे, वांगी. एका टोपल्यातून दुसऱ्यात टाकायचे. "मोठा दे, आता लहान दे, कांदा कुठं गेला?" हे आजी पीठ मळता मळताही बोलू शकते. सोबतच्या कागदावर आधी मी बारीक अक्षरांत सूचना लिहिल्या होत्या. कोणी वाचल्या नाहीत, आता फक्त चित्रं आहेत.

पहिल्या पेट्यांत एक खुळखुळाही होता, आत तुरीचे दाणे भरलेला. एका घरी त्याचं बूच निघालं आणि लेकराने दाणा नाकात घातला. डाळीचा दाणा ओलीने फुगतो, म्हणून तो घरी काढता येईना. रात्री मोटारसायकलवर दवाखान्यात नेऊन काढावा लागला. लेकरू सुखरूप आहे, पण त्याच्या आईसमोर उभं राहताना जे वाटलं ते मी विसरलेले नाही. आम्ही विकलेल्या सगळ्या पेट्यांच्या घरी गेलो, खुळखुळे परत आणले आणि पैसे दिले. तेव्हापासून दाणा, मणी, सरकी काही नाही.

त्याआधी आम्ही नियमांकडे कागद म्हणून बघत होतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे आणि ह्यांची तशी नोंद आहे. पण सूट असली तरी लेकराचा घसा तेवढाच अरुंद. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावता कामा नये, असं मानक सांगतं. ह्यांनी खरादावर त्या मापाची नळी करून घेतली. ती आमच्या कामाच्या फळीवर टांगलेली असते आणि प्रत्येक तुकडा तिच्यातून तपासून जातो.

लाकूड शिवणीचं वापरतो. हलकं, फिकं आणि सहसा न वाकणारं. ८०, १२०, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासून वर जवसाचं तेल, कारण लेकरू प्रत्येक वस्तू तोंडात घालणारच. जवस आपल्याकडेच पिकतो. त्याचं तेल हवेने हळूहळू घट्ट होतं, म्हणून आठवडाभर धीर धरावा लागतो. हे काम करणाऱ्यांसाठी एक सांगते: तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. आम्ही दोरीवर पसरून वाळवतो.

आता चार बायका आमच्याकडे काम करतात. पेटी ९५० रुपयांना आहे. मजुरीच्या घराला ते जड जातं, म्हणून गावात ती महिन्याला ६० रुपये भाड्यानेही देतो. लेकरू तीन वर्षांचं झालं की पेटी परत येते. आम्ही ती उघडतो, प्रत्येक वस्तू पुन्हा नळीत घालून बघतो, तडा असेल तर काढतो, पुन्हा तेल देतो. नंदीच्या कानांवर दातांच्या खुणा असतात; घासूनही त्या पूर्ण जात नाहीत. मागच्या आठवड्यात अशा सहा पेट्या परत आल्या. त्यांतली एक त्याच आजीकडची. धाकट्या सुनेला दिवस गेलेत, म्हणून तिने ती आमच्याकडेच राखून ठेवायला सांगितली आहे.