त्या रात्री मी जागा नव्हतो

काल 26 नोव्हेंबर होता. नातीच्या शाळेत सकाळी संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन झाले आणि मुलांना घरून लिहून आणायला सांगितले, की 2008 साली मुंबईवर हल्ला झाला त्या रात्री तुमच्या घरातली मोठी माणसे कोठे होती, हे त्यांना विचारा आणि दहा ओळी लिहा. ती वही घेऊन माझ्यापाशी बसली आणि मी नेहमी सांगतो तसे सगळे सांगितले. कटकचा इंग्लंडविरुद्धचा सामना आपण जिंकला आणि मी वाहिनी बदलली, तर कुलाब्यात गोळीबार झाल्याची पट्टी खाली सरकत होती. आधी टोळीयुद्ध असावे असेच सगळे म्हणत होते. मग सीएसटीचे नाव आले, मग ताजचे. हेमंत करकरे हेल्मेट चढवताना दिसले आणि काही वेळाने तेच गेल्याची बातमी आली. आम्ही दोघे पहाटेपर्यंत समोरून हललो नाही. आणि गिरगाव चौपाटीवर आपल्या जावळीच्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून छातीशी आवळली, ते आम्ही पाहिले.

जेवणानंतर तिने वही दाखवायला आणली. आठवी ओळ अशी होती : ‘माझ्या आबांनी तुकाराम ओंबळे यांना टीव्हीवर पाहिले.’ तिचे अक्षर मोठे आणि सुटे आहे, त्यामुळे एकेक शब्द स्वतंत्र उभा राहतो. ‘पाहिले’ या शब्दावर माझी नजर अडली ती पुढे जाईना.

कारण ते टीव्हीवर कोणी पाहिलेलेच नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर चौपाटीच्या नाकाबंदीपाशी ती स्कोडा गाडी अडवली गेली, तेव्हा तिथे डी. बी. मार्ग ठाण्याचे पोलीस होते, वाहिनीचा कॅमेरा नव्हता. ओंबळ्यांच्या हातात लाठी होती. त्यांनी एके-47 ची नळी धरली ती सोडली नाही, सगळ्या गोळ्या अंगावर घेतल्या आणि तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले. आलेल्या दहा जणांपैकी तो एकटाच जिवंत हाती लागला. हे सारे नंतर वर्तमानपत्रांतून, साक्षींतून, निकालपत्रातून कळले. त्या रात्री पडद्यावर त्यातले काहीच नव्हते. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. तरीही इतकी वर्षे ‘पाहिले’ म्हणताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही, आणि डोळे मिटले की ते दृश्य आजही समोर येते : दोन हात, मध्ये ती नळी, आणि पुढे झुकलेले शरीर.

रात्री झोप लागेना, म्हणून माळ्यावरची पेटी काढली. 2008 ची रोजनिशी वरच होती. 26 नोव्हेंबरच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे : ‘बुधवार. दुपारपासून डोके दुखत होते. सामना अर्धवट टाकला. गोळी घेऊन नऊच्या आत अंथरुणावर पडलो.’ त्याखाली आणखी एक ओळ आहे, ती इथे उतरवत नाही. डोके कशाने दुखत होते ते तिच्यात आहे. पुढच्या पानावर : ‘गुरुवार. हिने साडेपाचला उठवले. मुंबईत भयंकर प्रकार. रात्रभर एकटी जागी होती. मला का उठवले नाहीस म्हटले, तर म्हणाली, तुमचं डोकं दुखत होतं.’

मी झोपलो होतो.

आमच्या साताऱ्याच्या शनिवार पेठेतल्या घरात तेव्हा टीव्ही बाहेरच्या खोलीत होता आणि मी आतल्या खोलीत, मधले दार लोटून. तिने माझ्यासाठी आवाज अगदी बारीक केला असणार, हे रोजनिशीत नाही, पण तिला ओळखणाऱ्या कोणालाही ते सांगावे लागणार नाही. म्हणजे पट्टी सरकताना तिने एकटीने वाचली, करकऱ्यांना हेल्मेट घालताना तिने एकटीने पाहिले आणि ते गेल्याची बातमीही पडद्याला कान लावून एकटीनेच ऐकली. सामना जिंकल्याचा क्षणसुद्धा माझा नाही. तिच्या शेजारची जी खुर्ची माझ्या आठवणीत आहे, तिच्यात मी बसलेला आहे. प्रत्यक्षात ती रात्रभर मोकळी होती. पुढे कधीतरी, नक्की केव्हा ते आता कळायला मार्ग नाही, मी तिथे जाऊन बसलो.

मी पंचवीस वर्षे अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवले, त्यात स्मृतीचा एक पाठ होता. ब्राउन आणि कुलिक यांनी 1977 मध्ये ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ हा शब्द वापरला. केनेडींची हत्या कळली तेव्हा आपण कोठे होतो हे लोकांना छायाचित्रासारखे स्पष्ट आठवते, म्हणून तो शब्द. पुढे 1986 च्या जानेवारीत चॅलेंजर यान फुटले, तेव्हा नाइसर यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, की बातमी कळली तेव्हा तुम्ही कोठे होता, कोणाबरोबर होता, काय करत होता. अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तर 11 जणांचे एकही उत्तर आधीच्या उत्तराशी जुळले नाही, आणि तरीही सांगताना एकूण विद्यार्थ्यांची खात्री मोठी होती. त्यांचाच जुना कागद दाखवला तरी पहिली आठवण काही परत आली नाही. हे मी वर्गात दर वर्षी सांगत असे. मुले ऐकून हसायची आणि मी फळा पुसून पुढच्या मुद्द्याकडे वळायचो. माझ्या घरातल्या पेटीत तसाच एक कागद पडून आहे, हे तेव्हा माझ्या मनालाही शिवले नाही.

मध्यरात्रीनंतर मला स्वतःची फार कीव आली, हे लिहून ठेवतो. माणूस गेल्यावर त्याची लुगडी देऊन टाकतात, चष्मा कोठेतरी ठेवतात, मग हळूहळू त्याच्याविषयीच्या आठवणी तेवढ्या उरतात. त्यांतलीही एक जर माझी नसेल, तर माझ्यापाशी राहिले काय? आणि विचारायचे कोणाला? त्या रात्रीची साक्ष द्यायला तिच्याशिवाय दुसरे कोणी घरात नव्हते. तिने माझ्या तोंडून ही हकिकत निदान दहा वेळा ऐकली असेल, पाहुण्यांसमोर, लग्नकार्यात. ‘आम्ही दोघे पहाटेपर्यंत जागे होतो,’ असे मी म्हणायचो तेव्हा ती पुढ्यातल्या ताटांकडे बघत असे. एकदाही म्हणाली नाही, की अहो, तुम्ही झोपला होतात.

ते तिने का म्हटले नाही, यावर मी काल रात्री बराच वेळ अडून राहिलो. मला सांभाळून घेतले म्हणावे, की तिलाही ती रात्र एकटीने काढल्याचे आठवायला नको होते म्हणावे? त्या न उतरवलेल्या ओळीचा याच्याशी काही संबंध असेल का? असो.

मग ते दृश्य आले कोठून, हे शोधत मी पुढची पाने चाळली. गुरुवार आणि शुक्रवार मी खरोखरच टीव्हीसमोर होतो, ती नोंद आहे. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना मी पाहिले, तेही आहे. त्याच थेट चित्रणामुळे आत उतरणाऱ्या जवानांचे प्राण कसे धोक्यात आले, यावर पुढे 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्दांत लिहिले. तो निकाल वाचला तेव्हा, जी चित्रे मी साताऱ्यात चहाचा कप हातात धरून बघत होतो तीच चित्रे बघून सीमेपलीकडचे सूत्रधार फोनवरून सूचना देत होते, या विचाराने मला अनेक दिवस टीव्ही लावावासा वाटला नव्हता. त्या खऱ्या पाहिलेल्या चित्रांपैकी आता माझ्यापाशी फारसे उरलेले नाही. दोरीला लटकलेली काळी आकृती तेवढी आहे.

त्याच आठवड्यातल्या एका पानावर शेवटी सापडले : ‘पेपरात ओंबळ्यांचे सविस्तर आले आहे. केडंब्याचे. ही दिवसभर तेच बोलत होती.’

एवढ्या ओळीवर मला सगळे दिसले. तिचे माहेर मेढ्याकडचे, त्यामुळे केडंबे म्हटल्यावर ते तिला गावासारखेच. संध्याकाळी ती भाकरी सोडून त्या दिवशी पोळ्या करत होती, मी उंबऱ्यात उभा होतो. ‘आमच्या जावळीतला माणूस हो,’ असे म्हणत तिने पोळपाटावरचे लाटणे उचलले, दोन्ही मुठींत घट्ट धरले आणि छातीशी आवळून जराशी पुढे झुकली. ‘असं धरलं असंल. असं. सोडलंच नाही.’ तव्यावरची पोळी करपायला लागली होती. तिच्या पदरावर लाटण्याचा पिठाचा पट्टा उमटला होता आणि ती तशीच उभी होती.

दोन हात, मध्ये ती नळी, आणि पुढे झुकलेले शरीर. मी पाहिले ते हे.

आता हेही मला खरे आठवते की रोजनिशीतली ओळ वाचून मनाने ते रचले, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. इतकी वर्षे तो पाठ शिकवलेल्या माणसाने तसे सांगूही नये. पण पदरावरचा पिठाचा पट्टा मी रचला असेन असे मला वाटत नाही. आणि पहाटे, अजिंक्यताऱ्यामागे उजाडत असताना, मन बरेच निवले होते. ती रात्र मी जागलो नाही, ती तिची होती. तिने ती साडेपाचला मला उठवून माझ्या हाती दिली, पुढेही थोडी थोडी देत राहिली, आणि मी ती इतकी जपली, की माझी कोणती आणि तिची कोणती हे मला वेगळे करता येईनासे झाले. एकत्र राहिलेल्या माणसांच्या बाबतीत हे व्हायचेच. तिच्या खुर्चीशेजारी मी उशिरा का होईना, जाऊन बसलो, एवढे मला आता चालेल. पण वहीतली ओळ मात्र तशी जाऊ द्यायची नव्हती.

सकाळी नात वेण्या घालून घेत होती, तेव्हा तिला म्हटले, की आठवी ओळ चुकली आहे. ती हिरमुसली, कारण तिने पेनाने लिहिले होते. ‘मग काय लिहू, आबा?’ मी म्हटले, ‘आजी रात्रभर जागी होती आणि आबा झोपले होते, असे लिही. ओंबळ्यांनी काय केले ते आजीने आबांना सांगितले, असे लिही.’ तिने पट्टी ठेवून ओळ नीट खोडली आणि वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात नवी लिहिली.

मग विचारले, ‘आजीनं कसं सांगितलं?’

मी स्वयंपाकघरात गेलो आणि लाटणे घेऊन आलो. ते जुने नाही, सुनेने आणलेले नवे, वजनाला हलके आहे. छातीशी धरले, जरासा झुकलो आणि अडलो, कारण तिचा उजवा हात वर होता की डावा, ते मला काही केल्या आठवेना. मी दोन्ही तऱ्हांनी धरून दाखवले.